आवडी नावाचा गळ

फार जुन्या काळची ही गोष्ट. डोंगरातली ती नदी तेव्हा आजच्यापेक्षा कितीतरी खोल होती, आणि तिच्या काठच्या माणसांना पलीकडच्या जगाची फारशी खबर नव्हती. ऐकणाऱ्यांत लहान मुलं असतील तर त्यांनी मोठ्यांना चिकटून बसावं. गोष्ट भीतीची नाही, पण हसायचीही नाही.

त्या नदीच्या पात्रात जिकडेतिकडे धारदार खडक होते. जाळं टाकलं की चिंध्या होऊन वर यायचं. म्हणून काठच्या गावातली माणसं वेळूची लांब काठी घ्यायची, तिला दोरी बांधायची आणि दोरीच्या टोकाला गळ लावून मासे धरायची. त्या गावात हैबती नावाचा एक मासेमार राहत होता. त्याच्या बायकोचं नाव ठमा. दोघांना एकुलती एक मुलगी होती. बऱ्याच वर्षांनी, आशा सोडून दिल्यावर झालेली. तिचं नाव त्यांनी आवडी ठेवलं.

ठमा नवऱ्याचं नाव घेत नसे. ती त्याला ‘आवडीचे बा’ म्हणून हाक मारायची. हैबतीही बायकोला ‘आवडीची आई’च म्हणायचा. त्या घरात कुणी कुणालाही बोलावलं तरी आवडीचं नाव आधी यायचं. मग नाव ऐकून ती मधेच ओरडायची, “काय गं? काय रे बा?” आणि तिघंही हसायची.

गावाच्या खालच्या अंगाला एक डोह होता. आवडी रोज सकाळी तिथे जाऊन बसायची. ओच्यात भाकरीचा चुरा घेऊन जायची आणि चिमूट चिमूट पाण्यात टाकायची. तिचा परकर करडईच्या फुलांत रंगवलेला होता, तांबडा-केशरी. ती काठावर उभी राहिली की त्या रंगाचं प्रतिबिंब पाण्यात हलायचं आणि डोहाच्या तळातून मासे वर यायचे. लहान यायचे, मोठे यायचे, खवल्यांवर शेवाळ चढलेले म्हातारेही यायचे. तिच्या बोटांना तोंड लावून खायचे.

“बा, वरच्या धारेला हवे तेवढे मासे धर,” ती म्हणायची. “हे मात्र माझे आहेत.”

“बरं बाई, तुझे,” हैबती म्हणायचा. आणि त्याने खरोखर त्या डोहात कधी गळ टाकला नाही. बाप टाकत नाही म्हणून गावातले इतरही टाकत नसत.

एके वर्षी पाऊस सरता सरता आवडीला ताप आला. पाला वाटून दिला, काढा दिला, वैदूला बोलावून आणलं. ताप उतरला नाही. ठमाच्या मांडीवर डोकं ठेवून ती गेली.

त्यानंतर त्या घरातलं बोलणंच थांबलं. भांडण नव्हतं, राग नव्हता. पण ठमा नवऱ्याला हाक मारायला तोंड उघडायची आणि ‘आवडीचे बा’ हे शब्द ओठाशी येऊन तिथेच राहायचे. दुसऱ्या कुठल्या नावाने त्याला हाक मारायची तिला सवयच नव्हती. मग ती हाक न मारता ताट पुढे सरकवायची. तोही काही न बोलता जेवायचा. शेजारणींनीही ठमाला ‘आवडीची आई’ म्हणणं सोडून दिलं. तिला लागू नये म्हणून सोडलं. पण जे नाव दिवसातून शंभरदा ऐकू यायचं ते एकाएकी कुठेच ऐकू येईना, आणि हैबतीला वाटू लागलं, की पोर दुसऱ्यांदा जाते आहे.

त्यात उपासमार आली. पाऊस लवकर संपला होता. वरची धार आटत चालली आणि पाणी काचेसारखं नितळ झालं. पाणी असं नितळ झालं की मासे गांडुळाला तोंड लावत नाहीत, त्यांना आतला गळ दिसतो. तिन्हीसांजेला पाण्यावर बारीक माश्या उतरतात, त्या मात्र ते उसळी मारून खातात. पण ती माशी गळाला लावावी म्हटलं तर बोटातच चुरडून जाते.

हैबती रोज रिकाम्या हाताने घरी यायचा. घरातलं धान्य संपत आलं.

एका दुपारी तो दारात बसला होता. आवडीचं गाठोडं कोपऱ्यात होतं, ते त्याने पुढ्यात ओढलं. वर तिचा परकर होता, काठाशी फाटलेला. त्या फाटक्या काठातून एक धागा लोंबत होता. हैबती बराच वेळ त्या धाग्याकडे बघत राहिला. मग त्याने तो हळूच ओढला आणि उसवून घेतला.

त्याने एक बारीक गळ पायाच्या अंगठ्यात आणि बोटात घट्ट धरला. धाग्याला मेण चोळलं. गळाच्या दांडीवर एकाशेजारी एक वेढे देत तो धागा गुंडाळत नेला, तेव्हा माशीचं पोट झालं. आवडीने पाळलेली एक कवडी, ठिपक्याठिपक्यांची कोंबडी अंगणात होती. तिच्या मानेचं गळून पडलेलं पीस त्याने उचललं आणि ते गळाच्या डोक्याशी उभं गुंडाळलं. पिसाचे केस चोहोबाजूंनी फिसकारले. ते झाले पाय आणि ते झाले पंख. शेवटी त्याने गाठ मारली आणि धाग्याचं टोक दातांनी तोडलं.

ठमा चुलीपासून बघत होती. कितीतरी दिवसांनी ती आपणहून बोलली.

“काय करता हे?”

“खोटी माशी. पाण्यावर टाकली तर मासा फसेल असं वाटतं.”

“कुठं टाकणार? वर तर पाणीच नाही.”

हैबतीने खालच्या अंगाला, डोहाकडे पाहिलं. ठमाला ते कळलं.

“तो तिचा डोह आहे,” ती म्हणाली.

“ती कुठे आहे आता?” हैबती म्हणाला. आवाज चढवून म्हणाला नाही. ठमा पुन्हा चुलीकडे वळली.

त्या संध्याकाळी हैबतीने डोहावर पहिल्यांदा गळ टाकला. माशी पाण्यावर टेकली न टेकली तोच खालून एक मासा वर आला. बिचकला नाही, फेरी मारून पाहिलं नाही, सरळ आला आणि त्याने तोंडात घेतली. मग दुसरा आला. मग तिसरा. हैबतीने उभ्या जन्मात माशांना असं येताना पाहिलं नव्हतं. त्याला आपल्या हातांचं कौतुक वाटलं.

घरी चूल पेटली, मासे शिजले. जेवताना ठमाने विचारलं, “त्या माशीला काय म्हणायचं?”

गावातले मासेमार आपल्या काठीला नाव द्यायचे, होडीला द्यायचे. गळाला कुणी दिलं नव्हतं. हैबतीने माशी हातात घेतली. तो केशरी धागा दिव्यापाशी चमकला. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, “आवडी.”

ठमाच्या हातातला घास हातातच राहिला.

“आपल्याला तिचं नाव घ्यायला काही कारणच उरलं नाही गं,” तो म्हणाला. “या निमित्ताने घेता येईल.”

ठमा पदर तोंडाशी धरून रडली. खूप रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “म्हणा मग. आवडी म्हणा.”

आणि लेकरांनो, सुरुवातीला ते औषधासारखं लागू पडलं. “आवडी कुठे ठेवलीत?” ठमा सकाळी विचारायची. “आढ्याला अडकवली आहे,” तो सांगायचा. “आवडी ओली आहे, उन्हात ठेवा.” “आज आवडीला घेऊन लवकर निघतो.” ही वाक्यं ते मुद्दाम मोठ्याने बोलायचे. घरात ते नाव पुन्हा फिरू लागलं. एकदा तर ठमा विसरून म्हणाली, “आवडीचे बा, पाणी तापलंय.” दोघंही एकमेकांकडे बघत उभी राहिली, पण ती हाक पुन्हा सुरू झाली.

गावाला मासे दिसत होते. लपवून लपतात थोडेच? बहिर्जी नावाचा शेजारी होता, हैबतीचा लहानपणापासूनचा जोडीदार. त्याच्याही घरी उपासच चालले होते. तो एक दिवस आला आणि ओशाळून म्हणाला, “हैबती, कशावर धरतोस रे एवढे? मलाही शिकव.”

हैबतीने त्याला शेजारी बसवून माशी बांधायला शिकवली. करडईच्या रंगाचाच धागा हवा, कवड्या कोंबडीचंच पीस हवं, हे सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, “मला काही नको. फक्त हिला आवडी म्हणायचं. दुसरं नाव द्यायचं नाही.”

“आवडीच म्हणेन,” बहिर्जी म्हणाला, आणि त्याचेही डोळे भरून आले. ती पोर त्याच्याही अंगाखांद्यावर खेळलेली होती.

बहिर्जीने दुसऱ्याला शिकवलं, त्याने तिसऱ्याला. पानगळ व्हायच्या आत सगळं गाव डोहावर उभं राहू लागलं. काठाकाठाने हाका ऐकू यायच्या, “आवडी टाक रे!”, “माझ्या आवडीला लागला!” हैबती त्या हाकांमध्ये उभा राहायचा आणि त्याचा ऊर भरून यायचा. आपली पोर कुणी विसरणार नाही, असं त्याला वाटायचं. खालच्या गावांतून अनोळखी माणसं यायला लागली. “आवडीचा बा कोणता हो?” असं विचारत यायची. हैबती पुढे होऊन म्हणायचा, “मी.” त्यांनी मुलीबद्दल विचारलं असतं तर त्याने दिवसभर सांगितलं असतं. पण ती माणसं विचारायची, “गाठ कशी मारता?”

हळूहळू ती आवडी नदीबरोबर खाली गेली. जिथे गेली तिथे नाव पोहोचलं, पण त्या नावाची पोर पोहोचली नाही. तिला ओळखणारं तिथे कुणी नव्हतं.

आणि नाव हे शेवटी तोंडात राहतं. तोंडं नाना तऱ्हेची असतात.

बाजाराच्या दिवशी हैबती मासे घेऊन बसला होता. पलीकडे दोन माणसं बोलत होती. “आवडी कुजकी निघाली रे, फेकून दिली.” दुसरा म्हणाला, “माझी पण जुनी झाली. आता नवी बघतो.” ते गळाबद्दल बोलताहेत हे हैबतीला कळत होतं. तरी त्याने टोपली उचलली आणि दूर जाऊन बसला. तिथे एक पोरगा बोटात गळ टोचून घेऊन रडत होता, आणि त्याची आई त्याला दटावत होती, “सांगितलं होतं ना, आवडीला हात लावू नकोस!”

घाटावर धुणं धुताना ठमाला याहून वाईट ऐकायला मिळालं. दोन बायका कुणा तिसरीची निंदा करत होत्या. एक म्हणाली, “ती? तिच्या नादी लागू नकोस. आवडी आहे ती. वरून गोजिरी, आत काटा.” दुसरी खिदळली. दोघी परगावच्या होत्या, ठमा कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. ठमाने धुणं तसंच ओलं डोक्यावर घेतलं आणि घरी आली. नवऱ्याला काही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून ती त्याला ‘अहो’ एवढंच म्हणू लागली.

पुढच्या वर्षी बहिर्जीच्या सुनेला मुलगी झाली. ठमाने हे ऐकलं आणि तिच्या मनात एक गोष्ट आली. गळापायी लोकांच्या तोंडून ऐकून ऐकून त्या नावाला जो गंज चढला होता, तो एखादं जितंजागतं लेकरू ते नाव घेऊन अंगणात धावलं तर उतरेल. बहिर्जीचं घर काही परकं नव्हतं. तिने आवडीच्या जुन्या कपड्यांतून मऊ तुकडे निवडले, बाळासाठी कुंची शिवली आणि बारशाला गेली. पाळणा सजला होता. बायका जमल्या होत्या. ठमाने बहिर्जीच्या बायकोला, कोंडाबाईला, बाजूला घेतलं.

“कोंडावहिनी, एक मागू? नाही म्हणू नका.”

“अगं, माग ना.”

“पोरीचं नाव आवडी ठेवा.”

कोंडाबाई काही वाईट बाई नव्हती. आवडी तापाने पडली होती तेव्हा तीच उशाशी बसून होती. तिने ठमाचा हात हातात घेतला.

“ठमा, मला तुझं मन कळतं गं. पण पोरीला हे नाव कसं देऊ? उद्या ती मोठी होईल, कुणाच्या घरी जायची होईल. लोक हसतील. गळाचं नाव कुणी लेकीला ठेवतं का?”

“माझ्या लेकीचं नाव आहे ते,” ठमा म्हणाली.

“होतं,” कोंडाबाई म्हणाली. आणि आपण काय बोलून गेलो ते कळून तिने ओठ दाताखाली धरले.

बाळाचं नाव दुसरंच ठेवलं गेलं. ठमा कुंची पाळण्यात ठेवून घरी आली, नवऱ्यासमोर बसली, आणि घाटावरचं, बारशाचं, इतक्या दिवसांचं पोटात ठेवलेलं सगळं तिने सांगून टाकलं. शेवटी म्हणाली, “परत घ्या ते नाव. कसंही करा, पण परत घ्या.”

हैबती दुसऱ्या दिवसापासून दारोदार फिरला. “बाबांनो, तिला केशरी माशी म्हणा, खोटी माशी म्हणा, काहीही म्हणा. आवडी म्हणू नका,” तो हात जोडून सांगायचा. लोक बरं म्हणायचे. काहींना खरंच वाईट वाटायचं. पण संध्याकाळी डोहावर मासा लागला की तोंडातून तेच नाव निघायचं. सवय होती ती. खालच्या गावांत तर लोक त्याच्याकडे वेड्यासारखे बघायचे. एकजण म्हणाला, “अहो, आवडीला आवडी नाही तर काय म्हणायचं? तिचं नावच ते आहे.”

तो बहिर्जीकडे गेला. बहिर्जी काठीला दोरी बांधत होता.

“तूच अट घातली होतीस, हैबती,” तो खाली मान घालून म्हणाला. “दुसरं नाव द्यायचं नाही म्हणालास. मी जिथे जिथे शिकवलं तिथे हेच सांगून शिकवलं. आता कुणाकुणाचं तोंड धरू मी?”

हैबती उठला आणि पाय नेतील तिकडे चालत राहिला. पाय डोहावर घेऊन आले.

भर दुपार होती, काठावर कुणी नव्हतं. डोहाचं पाणी आटून अर्धं झालं होतं आणि त्यात हालचाल दिसत नव्हती. काठाशी, गुडघाभर पाण्यात, एक फार मोठा आणि फार म्हातारा मासा कलून पडला होता. त्याच्या जबड्यात तुटलेले गळ रुतलेले होते, एकावर एक. काहींचा केशरी धागा अजून दिसत होता. हैबती पाण्यात बसला. त्याने माशाचं डोकं मांडीवर घेतलं आणि एकेक गळ सोडवू लागला. मासा निमूट पडून होता. मग बोलला. फार जुन्या काळी असं घडायचं, आणि दुःखी माणसाला ते ऐकूही यायचं.

“तू तिचा बाप ना?” मासा म्हणाला. “तिच्याबरोबर काठावर दिसायचास.”

हैबतीने मान हलवली.

“मग मला एवढं सांग. आम्ही तिचं काय वाईट केलं होतं?”

“कुणाचं?”

“तुझ्या पोरीचं. तिचा रंग पाण्यात दिसला की आम्ही वर यायचो. तिने कधी दगा दिला नव्हता. मग एक दिवस तोच रंग दिसला, आम्ही तसेच वर आलो, आणि तिने आम्हाला ओढून नेलं. आम्हाला वाटलं, चुकून झालं असेल. म्हणून पुन्हा गेलो. पुन्हा गेलो. माझी लेकरं गेली, त्यांची लेकरं गेली. आता जी थोडी उरली आहेत त्यांना आम्ही एवढंच शिकवतो, की तो रंग दिसला तर पळा. ती पोर मायाळू वाटते, पण ती खाते.”

हैबतीच्या हातून गळ गळून पडला. मासे आपल्या हातांच्या कसबाला भुलले नव्हते, हे त्याला आता समजलं. ते त्याच्या लेकीला भेटायला येत होते. एकही मासा बिचकला का नाही, हेही समजलं.

“ती नव्हती रे,” तो ओरडला. “ती तर आधीच गेली. तिने काही केलं नाही. मी केलं. ऐकतोस ना? ती नव्हती, मी होतो!”

पण माशाचे कल्ले हलायचे थांबले होते. ऐकायला तो उरला नव्हता. हैबतीने पाण्यात तोंड घालून तेच पुन्हा सांगितलं, हाका मारल्या, खोल पाण्यात शिरून सांगितलं. जे थोडे मासे उरले होते ते त्याची चाहूल लागताच खडकांच्या कपारीत शिरले. वरच्या जगात त्याची लेक एक हत्यार झाली होती. पाण्याखालच्या जगात तर ती वैरीण होती, आणि तिथे जाऊन तिची बाजू सांगणारं कुणी नव्हतं.

घरी येऊन त्याने आढ्याची माशी काढली आणि चुलीत टाकली. पीस भुरकन जळलं. गळ तापून लाल झाला आणि राखेत तसाच राहिला. डोहावर काय झालं ते त्याने ठमाला सांगितलं नाही. उरलेल्या आयुष्यात तेवढी एकच गोष्ट तो तिच्यासाठी करू शकत होता.

पुढे वर्षा-दोन वर्षांत डोह रिकामा झाला. मग गाव उठलं. कुणी खालच्या नदीला गेलं, कुणी समुद्राकडे. जाताना काठ्या नेल्या, गळ नेले, आणि नावही नेलं. नव्या पाण्यावर नवे मासे होते, त्यांनाही तो रंग आवडला असेल. बहिर्जी जाताना भेटायला आला होता. “चल आमच्याबरोबर,” म्हणाला. हैबतीने मान हलवून नाही सांगितलं.

मागे दोन म्हातारी माणसं उरली. डोंगरउतारावर थोडी नाचणी पिकवून ती पोट भरत. मासे धरणं त्यांनी सोडलं होतं. बोलणंही जेमतेमच राहिलं होतं.

एक दिवस ठमा अंथरुणाला खिळली. ती आता उठणार नाही हे दोघांनाही कळलं होतं. ऊन खाली आल्यावर तिने हैबतीला जवळ बोलावलं.

“अहो, तिला एकदा हाक मारा ना,” ती म्हणाली. “तुमच्या आवाजात. दुपारी जेवायला मारायचात तशी. मला ऐकून जायचंय.”

हैबतीने डोळे मिटले. त्याने खूप दिवसांत ते नाव उच्चारलं नव्हतं. छातीत श्वास भरून घेतला आणि दाराकडे तोंड करून त्याने हाक मारली, “आवडी!”

त्याने तिचा चेहरा आठवण्याची वाट पाहिली. मिटल्या डोळ्यांपुढे जे आलं त्याला पाय होते, पंख होते, तांबडं-केशरी पोट होतं, आणि आत वाकडा काटा होता. त्याने पुन्हा हाक मारली. पुन्हा तेच आलं.

“दिसली?” त्याने ठमाला विचारलं. निदान तिला तरी दिसावी, अशी त्याची फार इच्छा होती.

ठमाने तोंड भिंतीकडे वळवलं. “नाही हो,” ती म्हणाली. “मला पण तेच दिसलं.”

संध्याकाळ व्हायच्या आधी ठमा गेली. हैबती तिच्याजवळ बसून राहिला. त्याला रडताना कुणाला तरी हाक मारावीशी वाटली, पण हाक मारावी असं एकही नाव त्याच्याकडे उरलं नव्हतं.

या गोष्टीचा बोध एवढाच: ज्या माणसाची आठवण जपायची, त्याचं नाव फसवणाऱ्या वस्तूला देऊ नये, कारण वस्तू नाव ठेवून घेते आणि माणूस हरवतो.